दाजी, काळपुळी आणि सरकार

आमच्या दाजींइतका सरकारवर विश्वास असलेला माणूस बीड जिल्ह्यात तर नाहीच, पण खुद्द सरकारातही सापडणार नाही. राजपत्र म्हटलं की बाकीच्यांना जांभई येते. दाजी मात्र ते दिवाळी अंकासारखं वाचतात, पाठीमागून सुरू करून पुढपर्यंत. एखाद्या नियमात दुरुस्ती झाली की सकाळी सकाळी मला फोन येतो. मी शाळेच्या गडबडीत असते, एक हात कणकेत, आणि पलीकडून नात झाल्यासारखा आनंदी आवाज येतो, "मास्तरीणबाई, सरकारनं आणखी काही जंतू यादीत घेतले." मी विचारते, "हे चांगलं झालं का वाईट?" दाजी म्हणतात, "लई चांगलं. आता ते कुणाला विनापरवाना जवळ ठेवता येणार नाहीत." मी भिंतीवरची पाल आणि ओट्यावरचं विरजण यांच्याकडं बघत, "बरं झालं बाई," म्हणते आणि फोन ठेवते.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख होते. शेवटी शेवटी तर विभागही तेच होते, कारण बाकीच्या जागा भरायच्या राहिल्या होत्या आणि पोरं दरवर्षी कमी होत चालली होती. माणूस उंच, किडकिडीत, चालताना दोन्ही हात शरीरापासून जरा लांब धरणारा, जणू आजूबाजूची हवा कुणीतरी नुकतीच रंगवली आहे. अक्काला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी समोर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोहे करताना हात धुतले होते का?" आमच्या वडिलांचा चेहरा उतरला. अक्का मात्र खाली मान न घालता म्हणाली, "धुतलेत. तुमी धुतलेत का?" दाजी बशी ठेवून उठले, मागच्या दारी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, परत येऊन बसले आणि म्हणाले, "मला मुलगी पसंत आहे." अक्का अजून सांगते की तिला पसंती त्या पाण्याच्या आवाजावरून आली.

लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या शेतावर आले तर बांधावरच्या एरंडापाशी थबकले. वडिलांना म्हणाले, "मामा, आंतरराष्ट्रीय करारात नाव असलेलं विष तुमच्या बांधावर उभं आहे." वडिलांनी एरंडाकडं निरखून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, त्याच्या पानानं तुमच्या सासूबाई गुडघे शेकत्यात." मग दाजींनी तिथंच, उन्हात, वडिलांना कायदा समजावून सांगितला. झाड असलं तर काही नाही. बी असली तरी काही नाही. पण बीमधलं विष काढून कुणी बाटलीत भरलं की ते 'बाळगणं' झालं, आणि तिथून सरकार सुरू होतं. मी तेव्हा बारावीत होते. आपण आशा बाळगतो, अभिमान बाळगतो, धीर बाळगतो, एवढंच मला मराठीत माहीत होतं. दाजी म्हणाले, "तोच शब्द आहे. जे बाळगतो त्याची जबाबदारी आपली. दुसऱ्याला बाधलं तर आपल्याला विचारायचं. ह्यापरीस सोपा कायदा कोणता असंल?" रंगात आले की त्यांची भाषा प्राध्यापकाची राहत नाही. वडील मान हलवत राहिले आणि नंतर आईला म्हणाले, "पोरगं भलं हाय, जरा जास्तीच भलं हाय."

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर त्यांच्याबरोबर जेवायला बसणं हा एक वेगळाच प्रकार. चटणी कधीची, पाणी कुठलं, कांदा कापणाऱ्याच्या बोटाला जखम आहे का. एकदा ढाबेवाल्यानं वैतागून विचारलं, "सायेब, तुमी हेल्थवाले हाव का?" दाजी म्हणाले, "नाही, मी फक्त नागरिक आहे." त्यानं आम्हाला ताबडतोब ताजी चटणी वाटून दिली. असला माणूस नुसता नागरिक कसा असेल, असं त्याला वाटलं असणार.

तर अशा माणसाच्या हाती एक दिवस खरोखरचा पाहुणा लागला.

कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. त्यासाठी रंगरंगोटी चालली होती आणि दाजींच्या प्रयोगशाळेतला जुनापुराणा डीप फ्रीझर भंगारात काढायचं ठरलं. कित्येक वर्षं तो बंदच होता, नुसता कपाटासारखा उभा. मजुरांनी हात लावायच्या आधी दाजींनी, त्यांच्या सवयीप्रमाणं, मोजे-मास्क घालून आतला एकेक कप्पा स्वतः रिकामा केला. तळाला एक लोखंडी डबी होती. डबीत कापूस, कापसात काचेची सीलबंद कुपी, आणि कुपीवर निळ्या शाईत एक लॅटिन नाव. दाजींनी ते वाचलं, डबी होती तशी बंद केली, मजुरांना बाहेर पाठवलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या गोफात अडकवली आणि मला फोन केला. कुजबुजत म्हणाले, "मास्तरीणबाई, अँथ्रॅक्स सापडलाय." मी म्हटलं, "कुठं?" ते म्हणाले, "माझ्याकडंच." आवाजात घाबरल्याची खूण नव्हती. आयुष्यभर ज्या नियमावलीची पारायणं केली, तिनं एकदाचं दार ठोठावलं, असा तो आवाज होता.

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. "सर, समिती तोंडावर हाय. गटारात टाका आन् मोकळे व्हा."

"गटार कुठं जातं?" दाजींनी विचारलं.

"ओढ्याला."

"ओढ्यावर कोण येतं?"

"मेंढरं येत्यात," प्राचार्य म्हणाले. पण माघार घेतली नाही. त्यांनी स्वच्छच सांगितलं, हे प्रकरण बाहेर गेलं तर समिती काय लिहील सांगता येत नाही, आणि तुमचा विभाग तसाही पोरांवाचून सुकत चाललाय, तो बंद करा म्हणायला संस्थेला निमित्तच मिळेल. दाजी म्हणाले, "विभाग माझा आहे तोवर ही कुपी पण माझ्या ताब्यात आहे. मी कळवणार."

असं म्हणून आले खरे, पण त्या संध्याकाळी अक्काला घेऊन ते आमच्या घरी आले आणि ओसरीवर बसले. अक्कानं दिलेला चहा तसाच निवला. शेवटी म्हणाले, "अक्षर सरांचं आहे."

सर म्हणजे दाजींचे गुरू, त्यांच्या आधीचे विभागप्रमुख. जाऊन बरीच वर्षं झाली होती. दाजी खेड्यातून शिकायला आले तेव्हा सरांनीच त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. रविवारी वसतिगृहाची खानावळ बंद असायची, तेव्हा सरांच्या घरी भाकरी असायची. कळवायचं म्हणजे लिहून द्यावं लागणार, कुपी कुणी ठेवली, कधी ठेवली, कुणाच्या परवानगीनं ठेवली. परवानगी तर नव्हतीच. ज्या माणसानं नियम शिकवले त्याच्या नावापुढं सरकारदरबारी 'विनापरवाना' हा शब्द लिहायचा, ही कल्पनाच दाजींना सोसत नव्हती. अक्का म्हणाली, "आधी माईकडं जाऊन या. त्यांना बाहेरून कळू देऊ नका."

सरांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दुसऱ्या दिवशी मी आणि दाजी गेलो. माई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "जयभीम, माई," म्हणून दाजी खाली जमिनीवरच बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, म्हणजे लॅटिन नाव, पोटकलम, समिती, सगळंच. माईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माई, काळपुळी. सरांनी काळपुळीचं बी बाटलीत ठेवलं होतं, ते सापडलंय."

माईंचे हात सुपातच थांबले.

"हाय अजून ते?" त्या म्हणाल्या. मग विहाराच्या भिंतीकडं बघत बोलायला लागल्या. "सरांचा बाप गावकीचं काम करायचा. कुनाचं जनावर मेलं की वढून न्यायचं, कातडं काढायचं. न्हाई म्हनायची सोय न्हवती. एकदा पाटलाचा बैल मेला. ह्यांनी वढला. हाताला फोड आला, काळा पडला, मधी खोल गेला. थोड्याच दिसांत मानूस गेलं. सर तवा लहान व्हते. मागनं आमच्या लोकांनी धम्म घेतला, ते काम सोडून दिलं. पन सरांच्या डोक्यातनं ते गेलं न्हाई. ज्यानं माझ्या बापाला नेलं त्याला मला बघायचंय म्हनून सायन्सला गेलते. मग आमचं लगीन झाल्यावर एका साली तिकडं मेंढरं लई मेली. सर जनावराच्या डॉक्टरासंगं गेलते. घरी आले ते जेवलेच न्हाईत. म्हनले, आज बघितला गं त्याला. एवढासा हाय."

माईंनी अंगठा आणि बोट जवळ आणून आम्हाला दाखवलं. मधे काहीच अंतर नव्हतं.

दाजी इतकी वर्षं सरांच्या हाताखाली होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते खाली बघून म्हणाले, "माई, सरांचं नाव लिहावं लागेल. परवानगी नव्हती, असं पण लिहावं लागेल."

"तवा लागायची का परवानगी?"

"तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं. आता विचारतात. विचारायलाच पाहिजे."

"मंग लिही की. त्यांनी चोरून ठेवलं न्हवतं, कोंडून ठेवलं व्हतं," माई म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं. "दोन्हीत फरक हाय म्हनावं सरकारला."

परतताना दाजींच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. तिथून थेट आम्ही एका कचेरीत गेलो. तिचं नाव मी सांगत नाही, कारण मला अजून तिथं पेन्शनचे कागद न्यायचे आहेत. धोकादायक जंतूंसाठी जिल्ह्याजिल्ह्यात एक समिती असावी असं नियमात आहे, हे दाजींनी तिथल्या कारकुनाला सांगितलं. कारकून प्रेमळ होता. म्हणाला, "असंल तर चांगलंच हाय." त्यानं दुसऱ्या खोलीत पाठवलं. तिथं त्यांनी 'बॅसिलस अँथ्रॅसिस' हे नाव ऐकून आरोग्य खात्यात पाठवलं. आरोग्यवाल्यांनी विचारलं रोगी कुठाय, रोगी नाही म्हटल्यावर जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथले डॉक्टर लसीकरणाला बाहेरगावी गेलेले. दाजी प्रत्येक ठिकाणी अधिकच उत्साहानं बोलत होते. नियम पहिल्यांदाच जिवंत होऊन त्यांच्याबरोबर हिंडत होता, आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं इतकंच.

उन्हं कलायच्या सुमाराला आम्ही पोलीस ठाण्यात पोचलो. समोर एक पोक्त हवालदार बसले होते.

"काय सापडलंय?"

"जंतू. बॅसिलस अँथ्रॅसिस."

"चावला का कुनाला?"

"नाही."

"मंग तक्रार कुनाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्धच म्हणा ना. माझ्याच ताब्यात आहेत."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "किती हायेत?"

"मोजता येणार नाहीत."

"जिते हायेत का मेलेले?"

"झोपलेत," दाजी म्हणाले. शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर उत्तर होतं ते.

"मंग सर, झोपलेल्याला काहून उठवायलात?" हवालदार अगदी समजुतीनं म्हणाले.

मला राहवेना. मी मराठीची शिक्षिका. सकाळपासून ह्या माणसानं अख्ख्या गावाला लॅटिन ऐकवलं होतं. मी पुढं झाले आणि म्हटलं, "साहेब, काळपुळी. जिवंत काळपुळी आहे कॉलेजात."

हवालदार उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं. "काळपुळी म्हना की मग सर. आमी धनगर हाव. माझ्या आज्याचा निम्मा कळप तिनं नेला, आन् आज्याला बी नेलं." त्यांनी तिथल्या तिथं दोन शिपाई कॉलेजवर पाठवले, साहेबांना फोन लावला, साहेबांनी त्यांच्या साहेबांना लावला, आणि सकाळी ज्या कचेरीत 'असंल तर चांगलंच' म्हणाले होते, तिथून दाजींना उलटा फोन आला, "सर, ती समिती कोनत्या कलमात हाय म्हनलात?" दाजींनी कलम पाठ म्हणून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

दोन-तीन दिवसांनी पुण्याहून पथक आलं. गावाला जणू जत्रेचं स्वरूप आलं होतं. कॉलेजच्या फाटकाबाहेर भेळेची गाडी लागली. प्राचार्य नवा सफारी घालून वार्ताहरांना सांगत होते, "आमच्या संस्थेनं हे शोधून काढलं." पथकाच्या प्रमुख एक मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं तपासलं, कुपी फुटलेली नाही हे पाहिलं आणि ठरवलं की ही रस्त्यानं पुण्याला नेण्यात शहाणपण नाही, इथंच, सगळ्यांसमक्ष नष्ट करायची. प्राचार्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आतलं जितं हाय का मेलेलं, हे कळायला नको?" मॅडम म्हणाल्या, "नियमात ते जिवंतच धरायचं असतं." दाजींनी डोळे मिटून मान डोलावली, गाण्यातली जागा आवडावी तशी.

मग मॅडमनी दाजींना विचारलं, "तुम्ही स्वतःहून कळवलंत?"

"नियमात आहे."

"नियमात आहे हो. पण आपण होऊन कळवणारा माणूस मला अजून भेटला नव्हता."

दाजी इतके लाजले की त्यांनी उगाचच पुन्हा हात धुतले.

वाफेच्या दाबाचं यंत्र, म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ, दाजींनी आदल्या दिवसापासून घासूनपुसून ठेवलं होतं. माईंना दाजींनीच रिक्षानं आणलं होतं. मॅडमना त्यांनी सांगितलं की ह्या सरांच्या पत्नी, आणि कोंडून ठेवण्यामागची हकिगतही सांगितली. मॅडमनी खुर्ची मागवून माईंना काचेच्या खिडकीबाहेर स्वतः बसवलं. डबी आत गेली, झाकण आवळलं, काटा चढू लागला. आणि वीज गेली. परळी इथून हाकेच्या अंतरावर, सगळ्या महाराष्ट्राला वीज देते, पण आमच्या गावात आली की तिला लगेच दुसरीकडं काम निघतं. आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. दाजींच्या कपाळावर घाम. तेवढ्यात व्हरांड्यातून हवालदारांचा आवाज आला. ते लाइनमनशी फोनवर बोलत होते, "हे बघ, हितं काळपुळी शिजायलीय. आज जर परत लाइट गेली तर तुझ्या घरी आनून ठिवतो." वीज आली आणि त्या दिवशी, आमच्या गावाच्या इतिहासात प्रथमच, दिवस मावळेपर्यंत गेली नाही.

काटा पुन्हा चढला, हवा तिथं स्थिर झाला. यंत्राची शिट्टी नव्हती, नुसता एक खोल, एकसारखा आवाज. माई काचेला जवळजवळ नाक लावून बघत होत्या. बऱ्याच वेळानं दाजी बाहेर आले, मास्क काढला आणि म्हणाले, "झालं, माई."

"मेलं?"

"मेलं."

"सगळं?"

"ह्या कुपीतलं सगळं."

माईंनी पदरानं तोंड पुसलं. "मामंजीला मी बघितलं न्हवतं," त्या एवढंच म्हणाल्या. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. सरांच्या नावापुढं विनापरवाना हा शब्द आलाच. पण मॅडमनी त्याच ओळीत 'सुरक्षित बंदिस्त अवस्थेत' असंही लिहिलं, कुणी न सांगता.

तपासणी समितीनं काही वाईट लिहिलं नाही, उलट कौतुकच केलं. तरीही पुढच्या वर्षी विभाग बंद झाला. पोरंच नव्हती, त्याला कोण काय करणार. दाजी निवृत्त झाले. प्रयोगशाळेत आता संगणक बसवलेत.

रविवारी मात्र ते माईंकडं जेवायला जातात. कधी कधी अक्का आणि मीही जातो. माई आता थकल्यात, विसरतात. मागच्या खेपेला त्यांनी दाजींच्या ताटात भाकरी वाढली, त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "परीक्षा कवा हाय रं तुझी?"

आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडं बघायला लागलो. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"झाली, माई."

"पास झालास का?"

कुठलंही विधान पुराव्याशिवाय न करणारे आमचे दाजी म्हणाले, "झालो." माईंचं समाधान झालं. त्यांनी अर्धी भाकरी आणखी वाढली, आणि दाजी ती खाली मान घालून खात राहिले.